औषधावरील सूट आणि गोळीचा भाव

खत, बियाणें, मजुरी आणि कर्जाचा हप्ता या चार बाबींचा हिशेब शेतकऱ्याच्या घरीं कसाबसा तरी ठेविला जातो. परंतु पांचवी एक बाब अशी आहे कीं, ती दरमहा घरांतून पैसा नेते आणि तिची नोंद सहसा कोठेंच सांपडत नाहीं. ती बाब म्हणजे घरांतील वृद्ध माणसांचीं औषधें. साठी उलटली कीं रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, दमा यांपैकीं एखादें दुखणें बहुतेक घरीं येतेंच, आणि त्यावरील गोळी एकदां सुरू झाली म्हणजे ती बहुधा जन्माची सोबतीण होते. पेरणीचा हंगाम एखादे वर्षी चुकला तर पुढील वर्षी साधतां येतो. गोळीचा हंगाम रोजचा असतो, आणि तो चुकवून चालत नाहीं.

प्रस्तुत लेखक डॉक्टर नव्हे, किंवा औषधांचा व्यापारीहि नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला एक साधा मनुष्य आहे. तथापि या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार त्यास दुःखानें मिळाला आहे, म्हणून प्रथम ती हकीगत सांगतों.

आमचे थोरले बंधु, ज्यांस आम्ही सर्व दादा म्हणतों, यांचें वय आज एकाहत्तर आहे. रक्तदाब व मधुमेह हे दोन्ही विकार त्यांस बरीच वर्षें आहेत. ज्या वर्षी सोयाबीनला हमीभावहि मिळाला नाहीं, त्याच्या पुढील पेरणीच्या दिवसांत ते बांधावर चक्कर येऊन पडले. मेंदूंतील रक्तवाहिनींत गुठळी अडकल्याचें डॉक्टरांनीं सांगितलें. जीव वांचला, पण उजव्या हातांतील जोर गेला. ज्या हातानें त्यांनीं चाळीस वर्षें पाभर धरली, त्या हातांत आज पाण्याचें भांडें ठरत नाहीं. घरीं आल्यावर त्यांच्या उशापाशीं पत्र्याचा डबा होता, तो उघडून पाहिला. दोन महिन्यांपूर्वीं आणलेल्या गोळ्या त्यांत निम्म्या तशाच होत्या. विचारलें तेव्हां दादा म्हणाले, “अरे, बियाण्याची पिशवी घेऊं कीं गोळ्या घेऊं? एक दिवसाआड घेतल्या तर काय बिघडतें, असें वाटलें.”

मला लाज वाटावी अशी गोष्ट याच्या पुढेंच आहे. त्या गोळ्या तालुक्याच्या गांवाहून मीच आणीत होतों, आणि दुकानदार शेंकडा वीस सूट देतो म्हणून संतुष्ट होतों. लोकांच्या वसुलीचा पै-पैचा ताळा घालण्यांत माझा जन्म गेला, पण सख्ख्या भावाच्या गोळ्यांच्या पाकिटावरील बारीक अक्षर मीं एकदांहि वाचलें नव्हतें. तें पुढें वाचलें, आणि जें समजलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

सूट कशावरची?

प्रत्येक पाकिटावर कमाल विक्री किंमत छापलेली असते. दुकानदार जी सूट देतो ती या छापील किंमतीवर देतो. म्हणून सूट किती, हें विचारण्यापूर्वीं ती किंमत ठरविली कोणी, हें विचारलें पाहिजे.

याचें उत्तर दोन प्रकारचें आहे. सरकारनें अत्यावश्यक औषधांची एक राष्ट्रीय यादी केली आहे. २०२२ च्या यादींत ३८४ औषधें आहेत. यादींतील औषधांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरण ठरवून देतें. औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ प्रमाणें, बाजारांत शेंकडा एक किंवा अधिक हिस्सा असलेल्या सर्व कंपन्यांच्या दरांची सरासरी काढून तींत किरकोळ दुकानदाराचा शेंकडा १६ नफा मिळवितात, आणि ती मर्यादा कोणत्याहि कंपनीस ओलांडतां येत नाहीं. यादीबाहेरील औषधांची किंमत मात्र कंपनी स्वतः ठरविते. तिच्यावर बंधन एवढेंच कीं, बारा महिन्यांत शेंकडा दहाहून अधिक वाढ करतां येत नाहीं. मूळ किंमतच चढी ठेविली असेल तर त्या बंधनाचा ग्राहकास फारसा उपयोग होत नाहीं.

येथेंच सुटीचें मर्म आहे. कांहीं कंपन्या औषध डॉक्टरांमार्फत न खपवितां थेट दुकानदारास फार स्वस्त देतात, परंतु पाकिटावरील किंमत मात्र मोठी छापतात. दुकानदार त्यावर निम्मी सूट देऊनहि भरपूर नफा मिळवितो, आणि ग्राहक निम्म्या किंमतींत औषध मिळालें म्हणून आनंदानें घरीं जातो. जत्रेंत चारशें रुपये सांगून दोनशेंस दिलेल्या घोंगडीसारखाच हा सौदा होय. यांत कायद्याचा भंग नाहीं, पण ग्राहकाचें हितहि नाहीं.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. छापील किंमतींत सर्व कर आलेले असतात, तेव्हां वर निराळा कर कोणीं मागितल्यास देऊं नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील जी. एस. टी. शेंकडा १२ वरून ५ वर आणिला आहे.

एकच औषध, अनेक नांवें

आपणां शेतकऱ्यांस ही गोष्ट दुसऱ्या वाटेनें चांगली परिचयाची आहे. कापसावरील मावा व तुडतुडे यांसाठीं आपण इमिडाक्लोप्रिड फवारतों. बाटलीवर मोठ्या अक्षरांत कंपनीनें दिलेलें नांव असतें आणि खालीं ‘इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के एस. एल.’ असें लिहिलेलें असतें. दहा कंपन्यांचीं दहा नांवें व दहा भाव असतात. जाणता शेतकरी मोठें नांव वाचून फसत नाहीं. तो खालचें नांव व टक्का पाहतो.

माणसाच्या औषधाचेंहि तसेंच आहे. मोठें नांव कंपनीचें असतें. खरें औषध म्हणजे त्याखालील नांव, ज्यास जेनेरिक नांव म्हणतात आणि औषध दुकानांत ‘साल्ट’ असेंहि म्हणतात. रक्तदाबावरील टेल्मिसार्टन किंवा अॅम्लोडिपिन, मधुमेहावरील मेटफॉर्मिन, रक्तांतील चरबीवरील अॅटॉरव्हास्टॅटिन हीं अशीं मूळ नांवें होत. हें मूळ नांव कंपनीच्या नांवापेक्षां मोठ्या अक्षरांत छापावें असा नियम २०१८ पासून अंमलांत आहे, म्हणून तें शोधणें आतां पूर्वीइतकें कठीण राहिलें नाहीं.

एक औषध इतक्या कंपन्या कां करूं शकतात, याचें कारण कायद्यांत आहे. १९७० चा पेटंट कायदा १९७२ पासून अंमलांत आला, आणि औषधी पदार्थावर मक्तेदारी देण्याचें त्यानें बंद केलें. कृति निराळी असली कीं तेंच औषध कोणासहि करतां येऊं लागलें, आणि आपल्या देशांत औषधांचे कारखाने वाढले. २००५ पासून नव्या औषधांस पेटंट पुन्हां मिळूं लागलें आहे. तरी वर सांगितलेलीं रोजचीं औषधें जुनीं आहेत आणि तीं अनेक कारखाने करतात. त्यांच्या भावांत जो फरक पडतो तो मुख्यतः जाहिरात, विक्रेत्यांचा फिरता खर्च आणि मधला नफा यांमुळें पडतो.

मात्र येथें एक सावधगिरी आहे. इमिडाक्लोप्रिड १७.८ एस. एल. आणि ७० डब्ल्यू. जी. यांचें मूळ द्रव्य एक असलें तरी माप एक नसतें. तसेंच मेटफॉर्मिन ५०० आणि मेटफॉर्मिन ५०० एस. आर. या एक नव्हेत. दुसरी पोटांत सावकाश विरघळणारी असते. टेल्मिसार्टन एकटें निराळें, आणि अॅम्लोडिपिनशीं जोडलेलें निराळें. म्हणून मूळ नांव, मिलिग्रॅमचा आंकडा आणि पुढील अक्षरें हीं तिन्ही जुळलीं तरच औषध तेंच असें समजावें. सातबारा पाहतांना गट नंबर व हिस्सा नंबर दोन्ही पहावे लागतात, तशांतलाच हा प्रकार आहे.

गोळीचा भाव काढण्याची रीत

युरियाची गोणी पन्नास किलोंची होती ती २०१८ सालीं पंचेचाळीस किलोंची झाली, तेव्हां गोणीचा भाव न पाहतां किलोचा भाव पहावा हें आपण शिकलों. पाकिटांचेंहि तसेंच आहे. कांहींत दहा गोळ्या असतात, तर कांहींत पंधरा. म्हणून सूट वजा करून जी रक्कम हातांतून जाते तिला गोळ्यांच्या संख्येनें भागावें. पुढील आंकडे केवळ नमुन्याचे आहेत. औषध सर्वांत एकच समजावें.

पहिलें पाकीट: १५ गोळ्या, छापील किंमत १८० रुपये, सूट शेंकडा २०. द्यावयाचे १४४ रुपये. एक गोळी ९ रुपये ६० पैसे. वर्षाचे ३,५०४ रुपये.

दुसरें पाकीट: १० गोळ्या, छापील किंमत १५० रुपये, सूट शेंकडा ५०. द्यावयाचे ७५ रुपये. एक गोळी साडेसात रुपये. वर्षाचे २,७३७ रुपये ५० पैसे.

तिसरें पाकीट: १० गोळ्या, छापील किंमत ७५ रुपये, सूट नाहीं. एक गोळी साडेसात रुपये. वर्षाचे तेच २,७३७ रुपये ५० पैसे.

चौथें पाकीट: १० गोळ्या, छापील किंमत २० रुपये, सूट नाहीं. एक गोळी २ रुपये. वर्षाचे ७३० रुपये.

निम्मी सूट देणारें दुसरें पाकीट आणि सूट न देणारें तिसरें पाकीट यांचा भाव एकच निघाला, आणि सर्वांत स्वस्त पाकिटावर सुटीचें नांवहि नाहीं. या लेखाचें सार एवढेंच आहे: सूट पाहूं नये, गोळीचा भाव पहावा.

सवलत कोठें मिळते?

पहिली जागा सरकारी दवाखाना. महाराष्ट्रांत सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतून १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व औषधोपचार निःशुल्क झाले आहेत. रक्तदाब व मधुमेह यांची तपासणी आणि नेहमींचीं औषधें हीं प्राथमिक आरोग्य केंद्रांतून मिळण्याची व्यवस्था आहे. साठा कधीं अपुरा असतो हें खरें, परंतु विचारल्याविना तो नाहींच असें धरून चालूं नये.

दुसरी जागा जनऔषधी केंद्र. ही योजना २००८ सालीं सुरू झाली. हल्लीं तिचें नांव प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी परियोजना असें आहे. येथें औषध कंपनीच्या नांवानें नव्हे तर मूळ नांवानें विकतात. बाजारांतील पहिल्या तीन प्रमुख नांवांच्या सरासरी किंमतीच्या निम्म्याहून अधिक किंमत ठेवूं नये, हें तिचें तत्त्व आहे. त्यामुळें औषधें शेंकडा पन्नास ते ऐशीं, व कांहीं त्याहूनहि अधिक, स्वस्त पडतात. माल जागतिक आरोग्य संघटनेच्या उत्पादन-नियमांचें प्रमाणपत्र असलेल्या कारखान्यांकडून घेतात, आणि प्रत्येक घाण्याची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेंत झाल्यावर तो विक्रीस जातो. “स्वस्त म्हणजे हलकें” ही समजूत वृद्ध माणसांत खोल रुजलेली असते. तिला उत्तर म्हणून हें सांगितलें. २०२५ च्या आरंभीं देशांत अशीं १५,००० केंद्रें झालीं होतीं, आणि यादींत दोन हजारांवर औषधें आहेत. जवळचें केंद्र व भाव ‘जनऔषधी सुगम’ या मोबाइलवरील साधनानें कळतात, किंवा १८०० १८० ८०८० या निःशुल्क क्रमांकावर विचारतां येतात. यादींतील प्रत्येक औषध प्रत्येक केंद्रांत नेहमीं असतेंच असें नाहीं, म्हणून गोळ्या संपण्यापूर्वीं आठ दिवस आधीं जावें.

तिसरी जागा ‘अमृत’ दुकानें. हीं २०१५ पासून मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या आवारांत निघालीं आहेत. कर्करोग व हृदयविकार यांवरील महाग औषधें व उपकरणें तेथें सवलतीनें मिळतात. घरीं माजी सैनिक असतील तर २००३ सालीं सुरू झालेल्या त्यांच्या आरोग्य योजनेंतून त्यांस व त्यांच्या पत्नीस औषधें मिळतात. त्यांनीं बाजारांत पैसे मोजण्यापूर्वीं आपलें कार्ड काढावें.

चौथी जागा म्हणजे खाजगी दुकानें व मोबाइलवरून औषधें पाठविणाऱ्या कंपन्या. यांची सूट कधीं खरीच लाभाची असते. परंतु ती पहिल्या खरेदीपुरतीच आहे काय, ठराविक रकमेची खरेदी करावी लागते काय, पोंचविण्याचा खर्च निराळा आहे काय, आणि सभासद होण्याची वार्षिक वर्गणी आहे काय, हे चार प्रश्न आधीं विचारावे. वर्गणी सुटीहून मोठी असेल तर सभासद होण्यांत अर्थ नाहीं.

रुग्णालयाच्या कार्डाविषयीं गैरसमज

सत्तर वर्षें व त्यावरील सर्व नागरिकांस, उत्पन्न कितीहि असो, आयुष्मान भारत योजनेंत २९ ऑक्टोबर २०२४ पासून घेतलें आहे. कुटुंबामागें वर्षास पांच लाख रुपयांपर्यंतचा उपचार तींत मिळतो. हें कार्ड प्रत्येक वृद्धानें अवश्य काढावें. परंतु तें रुग्णालयांत दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारासाठीं आहे. दाखल होण्यापूर्वींचे तीन व घरीं सोडल्यानंतरचे पंधरा दिवस यांतील औषधांचा खर्च त्यांत येतो. रोजची रक्तदाबाची गोळी त्यावर मिळत नाहीं. आमच्या गांवीं दोघां वृद्धांनीं कार्ड मिळालें म्हणून घरची गोळी बंद केली आणि आतां सरकार देईल म्हणून वाट पाहत बसले. पिकविमा आणि फवारणी यांत जो भेद आहे तोच येथें आहे. नुकसान झाल्यावर विमा येतो, पण नुकसान टाळावयाचें तर फवारणी आपणांसच वेळेवर केली पाहिजे.

डॉक्टरांस काय विचारावें?

चिठ्ठीवर कंपनीचें नांव लिहिलें असेल तर तेंच औषध देण्यास दुकानदार बांधलेला असतो. औषध नियम, १९४५ मधील ६५ व्या नियमाप्रमाणें अशा औषधाच्या बदल्यांत, घटक तेच असले तरी, दुसरें औषध देण्याची त्यास मुभा नाहीं. म्हणून बदलाची गोष्ट दुकानांत नव्हे, डॉक्टरांसमोर काढावी. डॉक्टरांनीं औषधें मूळ नांवानें व सुवाच्य अक्षरांत लिहावीं अशी दुरुस्ती वैद्यक परिषदेच्या आचारनियमांत २०१६ सालीं झालेली आहे. तेव्हां विचारण्यांत संकोचाचें कारण नाहीं. दादांस घेऊन गेलों तेव्हां मीं एवढेंच म्हटलें, “डॉक्टरसाहेब, हा खर्च आम्हांस झेपत नाहीं, आणि त्यामुळें गोळ्या चुकतात. मूळ नांवानें लिहून द्याल काय? आणि यांतील कोणती आतां बंद करतां येईल?” त्यांनीं न रागावतां चिठ्ठी नव्यानें लिहिली आणि एक जुनी गोळी, जिची आतां गरज नव्हती, ती काढून टाकली. खर्च झेपत नाहीं हें डॉक्टरांपासून लपविणें हीच आमची पहिली चूक होती.

कांहीं औषधांच्या बाबतींत विशेष जपावें लागतें. फिट्सवरील फेनिटॉइन, रक्त पातळ ठेवणारें वॉरफरिन आणि थायरॉइडची गोळी यांचें प्रमाण फार नेमकें लागतें. हीं एका कंपनीचीं सोडून दुसरीचीं घ्यावयाचीं असतील तर डॉक्टरांस सांगूनच घ्यावीं, म्हणजे जरूर तर ते पुन्हां तपासणी करतील. कोणत्याहि बदलानंतर जुनीं पाकिटें डब्यांतून काढून टाकावीं. एरवीं नांवें निराळीं दिसतात म्हणून जुनी व नवी अशी एकच गोळी दोनदां घेतली जाते. आणि स्वस्त असो कीं महाग, औषध पावतीवरच घ्यावें. पावतीवर घाण्याचा क्रमांक असतो. तक्रारीची वेळ आल्यास तोच पुरावा होय.

आपल्या संस्थांनीं काय करावें?

पुष्कळ गांवांची अडचण अशी कीं, स्वस्त औषधाचें दुकान तालुक्याला, आणि जाण्यायेण्याचें भाडेंच सवलत खाऊन टाकतें. यावर उपाय आपल्याच हातीं आहे. प्राथमिक कृषि पतसंस्थांस, म्हणजे गांवच्या विविध कार्यकारी सोसायट्यांस, जनऔषधी केंद्र चालवितां यावें असा निर्णय केंद्र सरकारनें जून २०२३ मध्यें घेतला, आणि आरंभीं देशांतील २,००० संस्थांस परवानगी देण्याचें ठरविलें. निदान १२० चौरस फूट जागा आणि डी. फार्म. किंवा बी. फार्म. झालेला औषधनिर्माता या त्याच्या मुख्य अटी आहेत. बहुतेक सोसायट्यांचें खताचें गोदाम याहून मोठें असतें, आणि ही पदवी घेऊन काम शोधणारा मुलगा किंवा मुलगी आतां जवळपासच्या गांवीं मिळते. जी संस्था सभासदास बियाणें व खत पुरविते, तिनें त्याच्या आईबापांची गोळीहि पुरविली तर तें सहकाराच्या बाहेरचें काम खास नव्हे. येत्या वार्षिक सभेंत सभासदांनीं हा विषय लेखी सूचना देऊन अवश्य मांडावा.

तें होईपर्यंत प्रत्येक घरीं एक वही घालावी. एका पानावर वृद्ध माणसाचें नांव, आणि पुढें रकाने: औषधाचें मूळ नांव, मिलिग्रॅम, वेळ, पाकिटांतील गोळ्या, दिलेली रक्कम, एका गोळीचा भाव. शाळेंत जाणाऱ्या नातवाकडून ही वही भरवून घ्यावी. त्याचा भागाकार पक्का होईल आणि आजीआजोबांची गोळी चुकली तर तें त्यास प्रथम कळेल.

दादांच्या औषधाचा महिन्याचा खर्च, मी आनंदानें सूट घेत होतों त्या दिवसांत, हजाराच्या घरांत जात होता. आज त्याच मापाचीं औषधें तीनशेंच्या आंत येतात, आणि तीं रोज घेतलीं जातात. हा हिशेब मीं आधीं केला असता तर त्यांचा उजवा हात राहिला असता किंवा नाहीं, हें सांगतां येत नाहीं. पण बियाणें कीं गोळ्या असा प्रश्न त्यांच्यापुढें खास पडला नसता. वाचक बंधूंनीं आज रात्रीं घरांतील वृद्धांच्या उशाचा डबा एकदां उघडून पहावा, त्यांतील गोळ्या मोजाव्या, आणि त्या कमी कां झाल्या नाहींत हें त्यांस प्रेमानें विचारावें, एवढी विनंति करून हा लेख पुरा करितों.